पहिली सायकल: पंचवीस हजारांचा हिशेब

दिवाळी तोंडावर आली की या सदराच्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी लोक पंक्चर आणि चेनबद्दल विचारतात, आता विचारतात ते पैशाबद्दल. बोनस हातात असतो, सकाळी हवेत गारवा असतो, आणि शेजारचा कुणीतरी हेल्मेट घालून हायवेकडे जाताना दिसलेला असतो. आलेल्या पत्रांतली पाच इथं घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण त्या बाईंनी उंची, वजन, किमती सगळं नीट लिहून पाठवलंय. असं पत्र आलं की उत्तर द्यायला हुरूप येतो. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो, की माझी नोकरी एसटीच्या वर्कशॉपात झाली आणि आता साताऱ्यात घराच्या पडवीत मी सायकली उघडतो-जोडतो. विकत नाही, त्यामुळे कुठल्या कंपनीची भलामण करायचं मला कारण नाही.

प्रश्न: काका, माझं वय ३८, कराडला सहकारी बँकेत नोकरी करते. उंची पाच फूट दोन इंच, वजन ६४ किलो. शाळेत असताना लेडीज सायकल चालवली, त्यानंतर कधीच नाही. आता रोज सकाळी १५-२० किलोमीटर चालवायची आहे, आणि पुढेमागे कराडहून साताऱ्याला माहेरी सायकलने जायचं मनात आहे. बाजूला ठेवलेले २५,००० रुपये आहेत, त्यात एक रुपयाही वाढणार नाही. एका दुकानात जाड टायरची, शॉकअप आणि दोन्हीकडे डिस्क ब्रेक असलेली सायकल १४,५०० ला दाखवली. दुसऱ्या दुकानात बिनशॉकअपची हायब्रीड (रेसिंगची आणि जाड टायरची यांच्या मधली) १९,८०० ला आहे. तिसरा म्हणतो, पूर्ण पंचवीस घाला आणि रेसिंगची एकदाच चांगली घ्या. आमचे हे म्हणतात, पाच हजारांची घे, चार महिन्यांनी तिच्यावर कपडेच वाळत घालायचेत. पैशाची वाटणी कशी करू?
(एक वाचक, कराड)

उत्तर: ताई, आधी तिसऱ्या दुकानदाराचा समाचार घेऊ. 'एकदाच चांगली घ्या' हे त्याचं बरोबर आहे. 'पूर्ण पंचवीस घाला' हे त्याच्या गल्ल्याच्या दृष्टीनं बरोबर आहे. सायकल घरी आली की दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला तुम्हाला दिवा लागणार. आठवडाभरात हवा भरावी लागणार. हायवेच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या बारीक तारा पडलेल्या असतात, त्यातली एखादी कधी ना कधी टायरात घुसणारच. यातलं काहीच सायकलीच्या किमतीत येत नाही.

म्हणून वजाबाकी उलटी करा. पंचवीसातून वरचा खर्च आधी काढा आणि उरेल त्यात सायकल बघा. आमच्या भागात तो साधारण असा बसतो: हेल्मेट १,४००. पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा मिळून १,०००. घरी ठेवायचा उभा पंप, वर काट्याचं मीटर असलेला, ९००. एक जादा ट्यूब, टायर उचकटायचे दोन लिव्हर, पंक्चरचे पॅच आणि सोल्यूशन, सोबत न्यायचा छोटा पंप हे सगळं मिळून ९००. कुलूप ५००, मडगार्ड ४००. झाले ५,१००. पहिल्या वर्षाचं चेनचं तेल, ब्रेकची रबरं, एखादी गिअरची वायर यासाठी ९०० वेगळ्या पाकिटात. राहिले १९,०००. ही तुमच्या सायकलीची किंमत.

पंपाला नऊशे रुपये म्हटलं की लोक माझ्याकडे संशयानं बघतात. पण सायकलीचा टायर बसल्या जागी हवा सोडतो, आठवड्यात फरक पडतोच. पंक्चरवाल्याकडे गेलात तर तो कॉम्प्रेसरची नळी लावतो आणि अंगठ्यानं दाबून 'झालं' म्हणतो. तुमच्या वजनाला ३५ मिलिमीटर रुंदीच्या टायरमध्ये ५० ते ५५ पीएसआय हवा ठीक. त्याहून बरीच कमी असली तर खड्ड्यात रिमचा ठोका बसून ट्यूब दोन ठिकाणी कापली जाते. शेजारी शेजारी दोन चिरा दिसल्या, की समजायचं टायरात हवा कमी होती, काट्याचा काही दोष नाही. हेल्मेट घेताना आत 'ईएन १०७८' छापलेलं आहे का बघा. सायकलच्या हेल्मेटसाठीचा तो युरोपियन मानक क्रमांक आहे.

पॅडची चड्डी, हातमोजे, स्पीडमीटर, रंगीत जर्सी यातलं काहीही आत्ता नको. पॅडची चड्डी दुसऱ्या महिन्याच्या पगारातून घ्या, साताऱ्याच्या वाटेवर ती लागेल. सूनबाई मागून सांगतात, तिच्या आत दुसरं काही घालायचं नसतं हे लिहा, नाही तर शिवण घासून सोलवटतं. लिहिलं.

आता सायकल. मी एकच बघतो: सायकलीतली कुठली गोष्ट पुढे स्वस्तात बदलता येईल आणि कुठली नाही. सीट टोचली तर सहाशे-सातशेत दुसरी येते. पायडल, ग्रिप, टायर, ब्रेकची रबरं, सगळं बदलता येतं आणि थोडं थोडं करून बदलता येतं. फ्रेमचं माप, चिमटा (पुढचं चाक धरणारा), मागच्या चाकाचा हब (चाकाच्या मधला गोळा) आणि एकूण वजन हे बदलत नाही. बदलायला गेलात तर नव्या सायकलीएवढे पैसे जातात. म्हणून दुकानात चकचकीत ग्रिपकडे आणि स्टिकरकडे बघू नका, या चार गोष्टींकडे बघा.

त्या १४,५०० वालीत नेमकं इथंच पाणी मुरतं. शॉकअपचा चिमटा, दोन डिस्क, चार इंची टायर, गिअर, एवढं सगळं त्या किमतीत बसवायचं तर प्रत्येक वस्तू स्वस्तातली स्वस्त घ्यावी लागते. तो शॉकअप म्हणजे दोन नळ्यांत घातलेली स्प्रिंग. चढाला तुम्ही पायडलवर जोर दिला की आधी ती दबते आणि तुमचा जोर खाते. नुसता शॉकअपच दोन-अडीच किलो भरतो, साधा चिमटा त्याच्या निम्म्याहून कमी. जाड टायरची सायकल सतरा-अठरा किलोच्या पुढे जाते. चांगली हायब्रीड तेरा-चौदा. ताई, घर वरच्या मजल्यावर असेल तर सकाळी ती खाली आणायची आणि परत वर न्यायची कुणी? जाड टायर वाळूसाठी आणि बर्फासाठी निघाले. कराडात प्रीतिसंगमावरच्या वाळवंटात चालवणार असाल तर गोष्ट वेगळी.

तेव्हा हायब्रीड. पण १९,८०० देऊ नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. दाखवलेली किंमत जुन्या लेबलाची आहे का नव्या, हे बिलावर बघून विचारा. १९,००० ला मागा. नाहीच उतरला तर त्याच किमतीत मडगार्ड, स्टँड आणि दोन सर्व्हिसिंग पदरात पाडून घ्या. पहिलं सर्व्हिसिंग महिन्याभरात करावंच लागतं, कारण नव्या वायरी आपल्या जागी बसतात, गिअर सरकायला लागतात, आणि आरे थोडे ढिले पडतात. ते केलं नाही म्हणून 'नवी सायकल खटखट करते' अशी तक्रार घेऊन लोक माझ्या पडवीत येतात.

पैसे देण्याआधी तीन गोष्टी. एक, माप. घरी भिंतीला पाठ लावून अनवाणी उभ्या राहा, दोन्ही पायांमध्ये एक जाड वही कण्यानं वर दाबून धरा, आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावा. तुमच्या उंचीला हे ७२-७४ सेंटिमीटरच्या आसपास येईल. दुकानात सायकलची वरची दांडी दोन्ही पायांत घेऊन उभं राहिल्यावर दांडी आणि अंग यात दोन-तीन बोटांची जागा हवी. तुम्हाला बहुधा एस माप लागेल. दुकानात एम शिल्लक असते आणि मग 'चालतंय हो, सवय होते' सुरू होतं. सवय होत नाही, मान दुखते. एस मागवून देत नसेल तर दुकान बदला.

दोन, गिअर. पुढच्या चक्रातलं सगळ्यात लहान आणि मागच्यातलं सगळ्यात मोठं, यांचे दात बघा. मोजायला लाजू नका, बऱ्याचदा चक्रावरच आकडा कोरलेला असतो. पुढे २८ आणि मागे ३४ असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल पावणेदोन मीटरच्या आसपास सरकते. तिसऱ्या दुकानातल्या रेसिंगच्या सायकलीत पुढे ३४, मागे २८ असे असतील, तर तोच फेरा अडीच मीटर होतो. पाय तेच, फेरा तोच, पण चढाला ओढायचं जवळजवळ दीडपट. कराड-उंब्रज-नागठाणे-सातारा हा रस्ता तसा सोपा आहे, हळूहळू चढत जातो. पण माहेरी पोचल्यावर कुणीतरी म्हणणारच, आलीस तशी यवतेश्वरला चल. तो घाट चढताना हे दात आठवतील.

तीन, मागच्या चाकात फ्रीव्हील आहे (चक्रं आणि फिरकी एकत्र, हबवर आट्यांनी आवळलेली) का कॅसेट (नुसती चक्रं, फिरकी हबमध्येच), हे दुकानाच्या मालकाला नको, मेकॅनिकला विचारा. फ्रीव्हीलमध्ये उजवीकडचे छर्रे आतल्या बाजूला राहतात, त्यामुळे एक्सलचं उजवं टोक आधाराविना पडतं आणि वजनदार माणूस खड्ड्यात आदळला की एक्सल वाकतो. तुमच्या वजनाला फ्रीव्हील चालून जाईल. नव्वद किलोच्या माणसाला मी कॅसेटशिवाय सायकल घेऊ देत नाही.

ब्रेक साधे, रिमवर घासणारे असले तरी हरकत नाही, उलट कराडातला कुठलाही मेकॅनिक ते उघडेल. आपल्याकडच्या पावसात चिखलाचा लगदा रिमला बसतो आणि रबरं लवकर झिजतात हे खरं. जोडी दोनशे-अडीचशेला येते, बदलायची.

आणि तुमच्या ह्यांच्याबद्दल. पाच हजारांत लोखंडी फ्रेमची, जड, बिनगिअरची सायकल येते, ती वाईट नसते, बाजारहाटाला उत्तम. पण तिच्यावर रोज वीस किलोमीटर काढायचे म्हणजे दहाव्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही, आणि मग खरंच कपडे वाळायला लागतात. त्यांची भीती रास्त आहे, तिच्यावरचा उपाय त्यांनी उलटा काढलाय. त्यांना सांगा, हायब्रीड चार महिन्यांनी विकायची वेळ आली तरी बिल आणि माप नीट असेल तर निम्म्याहून बरीच जास्त किंमत येते. पाच हजारांच्या सायकलीला भंगारवाला किलोवर विचारतो.

प्रश्न: मुलगा नववीत आहे, शाळा चार किलोमीटरवर. त्याला '२१ गिअरवाली' हवी आहे. बजेट १०,०००. ऑनलाइन ९,२०० ला दिसते, इथल्या दुकानात तशीच ११,००० ला आहे. आणि साइज मोठी घ्यावी का, म्हणजे चार वर्षं पुरेल?
(एक पालक, लातूर)

उत्तर: वाढत्या अंगाचे कपडे घेतात तशी वाढत्या अंगाची सायकल घेऊ नका. शर्ट ढगळ झाला तर पोरगं पडत नाही. आज बसते तीच साइज घ्या. नववीतल्या मुलाची उंची भराभर वाढते, पण सीटचा दांडा वर घेता येतो, तेवढ्यावर दोन वर्षं निघतात.

दहा हजारांतले २१ गिअर म्हणजे २१ ठिकाणी बिघडायची सोय. त्या किमतीत गिअर बदलणारा मागचा घोडा पातळ पत्र्याचा असतो, शाळेच्या स्टँडवर सायकलींच्या गर्दीत एकदा वाकला की चेन आऱ्यांत जाते. लातूर शहरात चार किलोमीटर शाळेला गिअर कशाला? सिंगल स्पीड, अलॉय रिम, पुढे-मागे रिमवर घासणारे वी-ब्रेक, मडगार्ड आणि कॅरियर असलेली सायकल बघा. आठ हजारांच्या आत बसेल, उरलेल्यात हेल्मेट आणि कुलूप. मुलगा रुसेल. त्याला माझं नाव सांगा.

ऑनलाइनबद्दल. सायकल खोक्यात येते, हँडल, पुढचं चाक, सीट आणि पायडल घरी लावायचे असतात. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या उलट दिशेनं आवळतं. हे माहीत नसलेला माणूस ते नेहमीसारखं आवळायला बघतो, जात नाही म्हणून पान्ह्याला पाइप लावून जोर देतो, आणि क्रँकचे, म्हणजे पायडलच्या दांड्याचे, मऊ अल्युमिनियमचे आटे तासून निघतात. पायडलवर एल आणि आर कोरलेलं असतं ते आधी वाचा. डावं पायडल बोटांनीच तीन-चार वेढे आत गेलं पाहिजे, मग पान्हा. जोडायला चांगला मेकॅनिक तीनशे ते पाचशे घेईल. ते धरूनही ऑनलाइन स्वस्त पडत असेल तर घ्या, पण मग सर्व्हिसिंगला दुकानदाराकडे हक्कानं जाता येत नाही, हेही हिशेबात धरा.

प्रश्न: मी पुण्यात आयटीत आहे. वय २९, उंची ५ फूट ६, वजन ८२. ग्रुपमधला एक जण त्याची रोडबाइक विकतोय: दोन वर्षं वापरलेली, शिमानो क्लॅरिसचे गिअर, अल्युमिनियमची फ्रेम, बिल ३८,००० चं, मागतोय २४,०००. माझं बजेट ३०,०००. त्याची उंची सहा फूट आहे, पण सीट खाली घेता येते. घेऊ का? जुनी सायकल तपासायची कशी?
(एक वाचक, कोथरूड)

उत्तर: दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, ते बाकीच्यांनाही उपयोगी पडेल.

बघायला जाताना खिशात एक स्टीलची फूटपट्टी न्या, इंचाच्या खुणा असलेली. प्लास्टिकची नको. चेनचा खालचा नाही, वरचा ताणलेला भाग घ्या. पट्टीचा शून्य एका पिनेच्या बरोबर मध्यावर ठेवा आणि चोवीस पिना पुढे मोजा. नव्या चेनमध्ये चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते, कारण दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच असतं, सगळ्या सायकलींत. ती पिन १२ इंचांच्या पुढे एक-सोळांश इंच, म्हणजे दीड मिलिमीटरच्या किंचित वर सरकलेली दिसली तर चेन बदलायची वेळ झाली. एक-अष्टमांश, म्हणजे तीन मिलिमीटर सरकली असेल तर त्या चेननं मागची चक्रंही खाल्लेली आहेत. नवी चेन टाकलीत तर जोर दिल्यावर ती दातांवरून उड्या मारेल. 'चेन ताणली' असं आपण म्हणतो, पण लोखंड ताणलेलं नसतं, पिना आणि त्यांच्या भोवतीची भोकं झिजून प्रत्येक कडीत थोडी ढील आलेली असते. मालक 'महिन्यातून एकदाच चालवायचो' म्हणत असेल आणि पट्टी तीन मिलिमीटर दाखवत असेल, तर कुणावर विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

मग फ्रेमकडे या. पुढच्या चिमट्याच्या वर, जिथं खालची तिरकी दांडी येऊन मिळते, त्या सांध्याच्या खाली आणि मागे बोट फिरवा. तिथं रंगाला सुरकुती किंवा केसाएवढी चीर असेल तर सायकल समोरून कशावर तरी धडकलेली आहे. तिथून परत फिरा, किमतीचं बोलूच नका. चिमटा कार्बनचा असेल तर तोही नखानं चाचपून बघा, आणि पडल्याचं कळलं तर ती सायकल घेऊच नका, कार्बनची आतली चीर वरून दिसत नाही. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा, हँडलच्या सांध्यात टकटक होता कामा नये. क्रँक हातात धरून बाजूला हलवा. चाक उचलून फिरवा आणि रिम व ब्रेकच्या रबरामधल्या फटीवर नजर ठेवा. चाक थोडं डुलतं, पण एकच आरा बाकीच्यांपेक्षा ढिला असेल तर रिम वाकलेली आहे. शेवटी बिल मागा आणि त्यावरचा नंबर पायडलच्या सांध्याखाली कोरलेल्या फ्रेम नंबराशी ताडून बघा. चोरीची सायकल फार गोड बोलून विकली जाते.

पैशाचं गणित असं करा. चेन ९००, मागची कॅसेट १,६००, दोन टायर २,४००, वायरी आणि मजुरी ७००. तपासणीत यातलं जे जे गेलेलं निघेल ते मागितलेल्या किमतीतून वजा करून भाव करा. सगळंच गेलेलं असेल तर ५,६०० कमी. जीएसटी उतरल्यावर नव्या सायकलीची आजची किंमत काय आहे तेही बघा. जुन्या बिलाचा ३८,००० हा आकडा आता तुमच्या कामाचा नाही.

एवढं सगळं सांगून झालं, आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर. घेऊ नका. तो सहा फुटी, तुम्ही साडेपाच. सीट खाली येईल, पण सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर तसंच राहील. तुम्ही हात लांब करून, पाठ ताणून, सीटच्या टोकावर सरकून बसाल. रोडबाइकवर आधीच वाकून बसायचं असतं, त्यात हे. हँडल फ्रेमला जोडणारा छोटा स्टेम टाकून दोन-तीन सेंटिमीटर मिळतील, तेवढ्यानं तुमच्या उंचीतला फरक भरून येत नाही. क्लॅरिस चांगली आहे, किंमतही फार चुकीची नाही, फ्रेम तुमची नाही. तीस हजार हातात ठेवा. तुमच्याच उंचीच्या कुणाची तरी सायकल विकायला निघेलच. पुण्यात जानेवारीत संकल्पाच्या सायकली येतात आणि मे महिन्यात त्या विकायला निघतात.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक, वय ६३, रत्नागिरी. गुडघे थोडे कुरकुरतात. मुलगा म्हणतो ई-सायकल घ्या, ४०,००० पर्यंत देतो. मला साधी गिअरची घ्यावीशी वाटते. खाऱ्या हवेत कोणती टिकेल?
(एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: गुरुजी, तुमच्या गावात चढ-उतार आहेत हे मुलाला माहीत आहे, म्हणून तो बोलतोय. २५० वॉटच्या आतली मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत वेग असेल तर नोंदणी आणि लायसन्स लागत नाही, तो प्रश्न नाही. प्रश्न बॅटरीचा. दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा: हिची नवी बॅटरी केवढ्याला, आणि ती तुमच्याकडे शिल्लक आहे का? जो आकडा सांगतील तो चाळीसमधून बाजूला काढा, कारण काही वर्षांनी तो खर्च येणारच. आकडा सांगता आला नाही तर ती सायकल घेऊ नका. आणि बॅटरी संपली तर वीस-पंचवीस किलोचं धूड तुम्हाला पायानं ओढायचंय, हेही लक्षात असू द्या.

गुडघ्यांचं बऱ्याचदा सीटच्या उंचीत असतं. आपल्याकडे सीट फार खाली ठेवायची सवय आहे, दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत म्हणून. त्यानं गुडघा दर फेऱ्याला जास्त वाकतो. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा, पायडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना चवड्यानं चालवलं की गुडघ्यात किंचित बाक राहतो, तेवढा पुरे. थांबताना सीटवरून पुढे उतरायची सवय करा. डॉक्टरांना विचारून हलक्या गिअरवर महिनाभर कुणाची तरी सायकल चालवून बघा, मग ई-सायकलीचं ठरवा. माझा कल साध्या गिअरच्या सायकलीकडे आहे, वीस-बावीस हजारांत अल्युमिनियम फ्रेमची. खाऱ्या हवेत फ्रेमपेक्षा आरे, नट-बोल्ट आणि चेन आधी जातात. स्टेनलेसचे आरे आहेत का विचारा. समुद्राकडे जाऊन आलात की ओल्या फडक्यानं पुसून कोरडी करा, चेनला थेंब थेंब तेल द्या आणि वरचं पुसून टाका. खोबरेल तेल नको, ते चिकटा धरतं.

प्रश्न: माझ्याकडे हायब्रीड आहे, १८,००० ची. २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) करायची म्हटलं तर मित्र हसतात, म्हणतात ६०,००० ची रोडबाइक घे आधी. खरं आहे का?
(एक वाचक, सांगली)

उत्तर: २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. खाणं-पिणं, पंक्चर, चहा सगळं धरून सरासरी ताशी पंधरा किलोमीटरच्या किंचित आत. तुमच्या हायब्रीडवर हे निघतं. पुढे ४०० आणि ६०० करायची इच्छा झाली, तेव्हा साठ हजारांचा विचार करा. आत्ता त्यातले अडीच हजार फक्त खर्च करा: ३२ मिलिमीटरचे चांगले टायर, रिमला बसतात का ते आधी मेकॅनिकला दाखवून. आधी ५०, मग १०० किलोमीटर करून बघा. आणि अंधार पडायच्या आत परत येणार असलात तरी पुढचा-मागचा दिवा आणि चमकतं जाकीट घेऊनच जा. सुरुवातीच्या तपासणीत ते नसलं तर तिथूनच माघारी पाठवतात.